घरचा तिखट मध पुन्हा पुन्हा फसफसतो : कारणं आणि इलाज

बरणी भरून चार-सहा दिवस झाले की मधावर बारीक पांढरा फेस दिसू लागतो. झाकण फिरवलं की फस्स आवाज येतो, वासाला ताडीसारखी आंबूस झाक असते आणि चमच्यावरून मध तार धरून पडण्याऐवजी कच्च्या पाकासारखा घळघळतो. मिरची बदलली, मध बदलला, बरणी नवी घेतली, तरी पुढच्या खेपेला तेच. घरी तिखट मध, म्हणजे मिरची मुरवलेला मध, करणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यामागे जवळजवळ प्रत्येक वेळी एकच कारण सापडतं: मधात कुठून तरी पाणी शिरलेलं असतं. मध पातळ पडणं आणि वर बुरशी धरणं याचंही मूळ तिथेच. म्हणून आधी पाण्याचा हिशोब नीट लावू. कडवटपणा आणि कमी-जास्त तिखट हे वेगळे दोष आहेत, ते नंतर.

आधी खात्री करा: आंबलाय की नुसती हवा आहे?

कोमट मध ढवळून ओतला की त्यात हवा अडकते. ती एक-दोन दिवसांत वर येते आणि पातळ पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. तो दोष नाही. वरचा फेस चमच्याने काढा, मधाच्या वरची काच कोरड्या फडक्याने पुसा, मधाच्या पातळीवर बाहेरून मार्करने रेघ मारा आणि झाकण सैल ठेवून २४ तास थांबा. फेस परत आला नाही तर निश्चिंत व्हा. मध आंबत असेल तर फेस परत येतो, पातळी रेघेच्या वर चढते आणि उजेडासमोर धरल्यावर मिरचीच्या तुकड्यांना चिकटलेले बुडबुडे एकेक सुटून वर जाताना दिसतात. अशा बरणीचं झाकण घट्ट लावून ठेवू नका. आत वायू साठतो, मध झाकणातून बाहेर येतो आणि बरणी तडकूही शकते.

पाण्याचा हिशोब

मध टिकतो तो त्यात पाणी फार कमी आणि साखर फार जास्त असते म्हणून. यीस्ट (साखर आंबवणारे सूक्ष्म जीव) प्रत्येक कच्च्या मधात असतंच, पण इतक्या साखरेत ते वाढू शकत नाही. पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर मध सहसा आंबत नाही. १९-२०च्या वर गेलं की धोका झपाट्याने वाढतो.

आता २५० ग्रॅम मध घ्या. त्यात १८ टक्के पाणी धरलं तर ते ४५ ग्रॅम झालं. त्यात ४० ग्रॅम हिरव्या किंवा ताज्या लाल मिरच्या चिरून टाकल्या. ताज्या मिरचीत साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणजे जवळपास ३५ ग्रॅम. मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं तसं मधातली साखर मिरचीतलं पाणी बाहेर ओढते. त्यातलं २५ ग्रॅम जरी सुटलं तरी मधातलं पाणी ७० ग्रॅम होतं आणि प्रमाण २५ टक्क्यांच्या पुढे जातं. अशा मधात यीस्ट खुशाल वाढतं. चार दिवसांनी दिसणारा फेस तो हाच.

सुक्या मिरचीचं गणित अगदी वेगळं आहे. १० ग्रॅम कडकडीत सुक्या मिरचीत सगळं मिळून जेमतेम १ ग्रॅम पाणी असतं. मध त्याने पातळ होत नाही.

मग सुकी मिरची वापरूनही मध फसफसला तर? तेव्हा पाणी दुसऱ्या वाटेने आलेलं असतं. या वाटा एकेक करून तपासा.

पहिली वाट म्हणजे मध स्वतःच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रतवारीत 'ए' श्रेणीच्या मधात पाणी १८.६ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आपल्याकडे एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा २० टक्के आहे. सह्याद्रीतला सातेरी मधमाश्यांचा किंवा आग्या माश्यांचा रानमध तर २० ते २५ टक्क्यांपर्यंतही असतो, कारण तिथली हवा दमट असते आणि पुष्कळदा माश्यांनी घरं मेणाने बंद करण्याआधीच मध काढला जातो. महाबळेश्वर भागातला सातेरीचा मध चवीला सुरेख असतो आणि मिरचीबरोबर फार छान जमतो, त्यामुळे तो टाळा असं अजिबात म्हणायचं नाही. पण परदेशी पाककृती जो मध गृहीत धरते त्यापेक्षा तो मुळातच पातळ आहे. त्यात पाण्याचा आणखी एक थेंबही परवडत नाही.

घरी अंदाज घ्यायचा तर एक बाटली आणि १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा पुरतो. साधारण २५० मिलीची काचेची बाटली घ्या, गळ्यापाशी खूण करा, रिकामी तोला. खुणेपर्यंत पाणी भरून तोला. मग बाटली पूर्ण वाळवून त्याच खुणेपर्यंत मध भरा, बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबा आणि तोला. मधाच्या निव्वळ वजनाला पाण्याच्या निव्वळ वजनाने भागा. उत्तर १.४२च्या आसपास आलं तर मध उत्तम दाट आहे. १.४०च्या खाली आलं तर तो बाहेर ठेवून टिकणार नाही, फ्रिजमध्येच ठेवायचा असं धरून चाला. मधपाळांकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, तो एका थेंबात अचूक आकडा देतो. ओळखीचा मधपाळ असेल तर त्याच्याकडून मोजून घ्या.

दुसरी वाट सहज नजरेतून सुटते: वाफ. पाण्याच्या भांड्यात मधाचं भांडं ठेवून तापवताना बाहेरच्या पाण्याची वाफ मधात उतरते. आतलं भांडं काठावर घट्ट बसेल असं घ्या, किंवा बाहेरचं पाणी आतल्या भांड्याच्या निम्म्यापर्यंतच ठेवा आणि ते उकळू देऊ नका. त्याहून वाईट म्हणजे गरम मध बरणीत ओतून लगेच झाकण लावणं. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात आणि मधावर टपटपतात. हे पाणी खालच्या दाट मधात मिसळत नाही, वरच पातळ थर होऊन राहतं. आंबायला आणि बुरशी धरायला सुरुवात नेमकी त्या थरात होते. मध पूर्ण निवेपर्यंत बरणीवर कोरडं सुती फडकं टाका, झाकण नंतर लावा.

तिसरी वाट पावसाळी हवा. मध हवेतलं पाणी ओढून घेतो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की १८ टक्क्यांचा मध उघडा राहिल्यास हळूहळू पातळ होत जातो, आणि जुलैत मुंबई-कोकणात आर्द्रता ८०च्या खाली क्वचितच असते. मिरची घालून आठवडाभर फडकं बांधून ठेवायची पद्धत त्या दिवसांत अजिबात वापरू नका.

बाकीच्या वाटा छोट्या: नुसती धुऊन पुसलेली बरणी, ओला चमचा, आणि व्हिनेगर. १ चमचा म्हणजे ५ मिली व्हिनेगरने २५० ग्रॅम मधात जवळपास ५ ग्रॅम पाणी जातं आणि १८ टक्क्यांचा मध साडेएकोणीसच्या पुढे सरकतो. व्हिनेगरची आंबट झाक तिखट मधाला खरोखर खुलवते, पण ते वाढताना वाटीत घाला. बरणीत घालायचंच असेल तर ती बरणी फ्रिजमध्ये.

मिरची कोरडी आहे हे कसं ओळखायचं

डब्यातली मिरची श्रावणात सादळते. सादळलेल्या मिरचीतलं पाणी वजनाला फारसं नसतं, १० ग्रॅमला २ ग्रॅम फार तर, पण तिच्या आत बुरशी असते हा खरा धोका. देठ काढून प्रत्येक मिरची उभी फाडा आणि उजेडात पाहा. आतली बाजू स्वच्छ, तकतकीत, पिवळसर-लाल हवी. राखाडी कापसासारखा थर, काळे डाग किंवा उघडताच उडणारी धूळ दिसली तर ती मिरची टाकून द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते वगळू नका. चांगल्या दिसणाऱ्या दहा मिरच्यांत एखादी आतून बुरसलेली निघतेच.

निवडलेल्या मिरच्या ओव्हनमध्ये ६० अंश सेल्सियसला ३० ते ४० मिनिटं ठेवा, किंवा अगदी मंद आचेवरच्या जाड तव्यावर सतत हलवत कोरड्या करा. भाजायच्या नाहीत, रंग जराही गडद होता कामा नये. ठसका उठला तर आच जास्त झाली. निवल्यावर मिरची कानाशी हलवा, बिया खुळखुळायला हव्यात. मग बोटांनी मोडा, ती वाकण्याऐवजी कट् करून तुटायला हवी. गरम असताना मोडून पाहू नका, गरम मिरची कोरडी असली तरी मऊच लागते.

न फसफसणारा तिखट मध

२५० ग्रॅम मध आणि ८ ते १० ग्रॅम सुकी मिरची. त्यात ६ ग्रॅम बेडगी आणि बाकी संकेश्वरी घेतली तर रंग लालसर आणि तिखटपणा सोसवेल असा होतो. लवंगी असेल तर २ ग्रॅमने सुरुवात करा. मिरची हाताने किंवा खलबत्त्यात जाडसर तोडा, पूड करू नका. पूड गाळणीतून खाली उतरते, तळाशी बसते आणि महिनाभरात मध खरखरीत आणि कडवट करते.

स्टीलच्या भांड्यात मध आणि मिरची घाला, बाहेरच्या पाण्यात ठेवून मध ६५ अंशांवर आणा आणि ३० मिनिटं त्याच तापमानाला ठेवा. ६३ ते ६५ अंशांवर अर्ध्या तासात यीस्ट मरतं, आणि मिरचीचा अर्क उतरायलाही तेवढी ऊब लागते. थर्मामीटर घ्या, अंदाजाने हे तापमान धरणं कठीण आहे. तो नसेल तर निदान एवढं पाहा की बाहेरच्या भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरलेत पण पाणी खळखळत नाही. मध थेट गॅसवर ठेवू नका. त्यातल्या प्रथिनांमुळे तो दुधासारखा फेसाळून उतू जातो, शिवाय तळाशी लागलेला मध करपतो आणि तो वास जात नाही.

आच बंद करून फडक्याने झाका. निवल्यावर झाकण लावून २४ तास मुरू द्या. मग पुन्हा ४५ अंशांपर्यंत कोमट करून चहाच्या स्टीलच्या गाळणीतून गाळा. मिरची पिळू नका, नुसती निथळू द्या. ओव्हनमध्ये किंवा उन्हात कडकडीत वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरा. १८-१९ टक्क्यांच्या मधाचा हा प्रकार झाकण घट्ट असेल तर बाहेर, अंधाऱ्या कपाटात ३ महिने चांगला राहतो. शोभेसाठी बरणीत अख्खी मिरची ठेवायची हौस असेल तर ती मधाखाली बुडालेली राहते का ते बघा. तरंगणाऱ्या मिरचीची वरची बाजू हवेत उघडी पडते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

मध तापवायचा नाही, असं अनेक घरांत पाळलं जातं. आयुर्वेदातही तापवलेला मध वर्ज्य सांगितला आहे, आणि तापवल्याने मधातली विकरं (एन्झाइम) कमी होतात हेही खरं. अशांनी थंड पद्धत वापरावी: तीच मिरची, तेच प्रमाण, घट्ट झाकण, अंधारी जागा, ३ ते ४ आठवडे, दर दोन दिवसांनी बरणी उलटी-सुलटी करायची. पण इथे यीस्ट जिवंत राहतं, त्यामुळे मध दाट आणि मिरची कडकडीत असायलाच हवी. २१-२२ टक्क्यांच्या रानमधावर ही पद्धत बाहेर ठेवून करू नका.

फसफसलेल्या मधाचं काय करायचं

सुक्या मिरचीचा मध असेल, फेस नुकताच सुरू झाला असेल आणि बुरशी कुठेही नसेल, तर तो वाचतो. गाळा, पसरट भांड्यात ६५ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, फेस काढत राहा, निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि २-३ आठवड्यांत शिजवायच्या पदार्थांत संपवा. आंबूस चव पूर्ण जात नाही, पण चिकनला किंवा पनीरला लावायच्या मसाल्यात ती खपून जाते. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा ठेवायचा विचार करू नका, सगळा टाका.

ताज्या मिरचीचा, आल्याचा किंवा लसणाचा मध बाहेर राहून पातळ झाला असेल तर तो तापवून वाचवायचा नाही, टाकूनच द्यायचा. बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू मधात बीजरूपाने असू शकतात. दाट, आंबट मधात ते निपचित राहतात. पण मिरची-लसणाच्या ओल्या गराभोवती मध पातळ होतो आणि आंबटपणाही उतरतो, आणि तिथे त्यांना वाढायला जागा मिळू शकते. हे बीज साध्या उकळीने मरत नाही आणि त्याच्या विषाला वास किंवा चव नसते, त्यामुळे हुंगून किंवा चाखून काही कळत नाही. याच बीजामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध, साधाही, द्यायचा नसतो.

ताज्या मिरचीचा हिरवा, झणझणीत स्वाद हवाच असेल तर लागेल तेवढाच करा: १०० ग्रॅम मधात १०-१२ ग्रॅम मिरची, ६५ अंशांवर अर्धा तास, लगेच गाळून फ्रिजमध्ये, आणि आठवड्यात संपवा.

तिखट उतरतच नाही, किंवा फार होतं

मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते तेलात आणि मद्यात सहज विरघळतं, पाण्यात अगदी थोडं. मध म्हणजे साखर आणि पाणी, म्हणून अर्क सावकाश उतरतो. घाईने मिरची दुप्पट करू नका. आधी मुरायचे २४ तास ४८ करून पाहा. मिरची चिरलेली आहे का तेही बघा. कॅप्सेसिन मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट शिरेत असतं. अख्खी मिरची टाकली तर मध त्या शिरेपर्यंत नीट पोचतच नाही.

फसगत होते ती चाखताना. कोमट मध जिभेला नेहमीच जास्त तिखट लागतो, कारण जिभेवर तिखट आणि उष्णता दोन्ही एकाच ठिकाणी जाणवतात. पातेल्यातून गरम मध चाखून 'झालं पुरे' म्हणत गाळला की दुसऱ्या दिवशी तो गोडमिट्ट लागतो. चमच्यावर घेऊन पूर्ण निववा, भाकरीच्या तुकड्यावर चाखा, आणि दुसऱ्यांदा चाखायला १० मिनिटं थांबा.

फार तिखट झाला तर उपाय फक्त साधा मध. पाणी, लिंबाचा रस, पाक यांपैकी काहीही नको. निम्म्याला निम्मा मिसळला की तिखट निम्मं. भूत जोलोकियासारखी मिरची १० लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर जाते. २५० ग्रॅमला तिचा पाव ग्रॅमही पुष्कळ होतो, आणि तो हातमोजे घालूनच हाताळा.

कडवट चव

चार ठिकाणी बघा. मिरची तव्यावर काळवंडली का, मध तळाला लागला का, पूड आत राहिली का, आणि मिरची बरणीत महिनोन्‌महिने तशीच ठेवली का. साल आणि बिया फार दिवस राहिल्या की कडवटपणा सोडतात. म्हणून ठरल्या वेळेला गाळायचं. जांभळाच्या फुलोऱ्यावरचा मध मुळातच किंचित कडसर असतो, तो असेल तर दोष करण्यात नाही. करपल्याचा कडवटपणा मात्र कशानेही निघत नाही.

मध थिजला, रवे धरले

याला बिघाड समजू नका. ग्लुकोज जास्त असलेला मध, म्हणजे मोहरीचा किंवा सूर्यफुलाचा, लवकर रवाळ होतो, आणि आत राहिलेले मिरचीचे बारीक कण रवे धरायला आधार देतात. १४ अंशांच्या आसपास हे सगळ्यात जलद होतं, म्हणून नाशिक-पुण्याच्या थंडीत कपाटातली बरणी हमखास थिजते. बरणी ४०-४५ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा, तासाभराने पाणी बदला, रवे पूर्ण विरघळेपर्यंत. मायक्रोवेव्ह नको, त्यात एका जागी मध उकळतो आणि शेजारी थिजलेलाच राहतो.

रवे नुसते दिसायला वाईट नाहीत. साखर दाण्यात गेली की तिच्याबरोबरचं पाणी उरलेल्या द्रव मधात मोकळं होतं आणि वर पातळ थर जमतो. २० टक्क्यांच्या आसपासचा मध अर्धवट थिजलेला पडून राहिला तर त्या थरात पुन्हा फेस येतो. रवे दिसले की त्याच आठवड्यात विरघळवून बरणी नीट ढवळा. फ्रिजमधली बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार मधावर हवेतलं पाणी धरतं.